मामा, आत्या आणि अंबाबाईचा किरणोत्सव

८ नोव्हेंबर, रात्र

महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याण सोडलं आणि घाट लागायच्या आत मामा आणि आत्या एकमेकांना भिडले. निमित्त होतं समोरच्या बर्थवरच्या काकांनी मोठ्या आवाजात वाचून दाखवलेला व्हॉट्सअॅपचा मजकूर. कोल्हापूरच्या किरणोत्सवाचं, म्हणजे ठरावीक दिवशी मावळतीची किरणं देवळात शिरून अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात त्याचं, कोडं नासालाही सुटलेलं नाही, असं त्यात होतं आणि शेवटी ‘अकरा जणांना पाठवा’.

माझे मामा भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. देव मानत नाहीत. आत्या शाळेत संस्कृत शिकवायची. तिने चाळिशीत श्रीविद्येची, म्हणजे देवीच्या मंत्रोपासनेची, दीक्षा घेतली, आणि तेव्हापासून पहाटे तिच्या खोलीचं दार दोन तास बंद असतं. माझ्या आईबाबांच्या लग्नात पंगतीत सुरू झालेला या दोघांचा वाद अजून चालू आहे. मामा तिला ताई म्हणतात, ती त्यांना भाऊ म्हणते, दोघंही अहो-जाहो सोडत नाहीत, आणि त्यामुळे एकमेकांना फार वाईट बोलता येतं.

गंमत अशी की नासाच्या मजकुरावर दोघांचं एकमत झालं. मामा म्हणाले, “हे मूर्खपणाचं आहे.” आत्या म्हणाली, “हे देवीचा अपमान करणारं आहे. तिच्या अस्तित्वाला अमेरिकेचं प्रमाणपत्र कशाला?” मग काका खट्टू होऊन झोपले आणि हे दोघं सुटले. देव म्हणजे नेमकं काय म्हणताय ते आधी ठरवा, मग पुरावा मागता येईल, असं आत्याचं म्हणणं. पुरावा मागितला की तुमच्या देवाची व्याख्या बदलते, हे मामांचं. पुण्यानंतरचं मला आठवत नाही, मी झोपले होते.

९ नोव्हेंबर

स्टेशनवर रिक्षावाल्याने सामान ठेवता ठेवताच विचारलं, “किरणोत्सवाला आलायसा न्हवं? आज ढग न्हाईत बघा.” म्हणजे इथे सूर्याचा अंदाज रिक्षावालाही सांगतो. मिसळ खाल्ली. कट मामांनी दोनदा मागून घेतला आणि नंतर तासभर बोलले नाहीत. आत्याने त्या शांततेचा पुरेपूर फायदा घेतला.

किरणोत्सव संध्याकाळी. सकाळी देवळात गेलो. रांगेत तिने मला काय बघायचं ते शिकवलं, कारण गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळतात चार-पाच सेकंद, आणि देवी साडी-दागिन्यांत असते. मूळ मूर्ती काळ्या पाषाणाची, जेमतेम तीन फुटांची. चार हात: म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं फळ), गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. मागे सिंह. आत्या म्हणाली, “आता मला सांग, विष्णूच्या बायकोच्या मागे सिंह कशाला असेल? आणि डोक्यावर लिंग?”

हा वाद कोल्हापुरात चांगलाच धगधगता आहे आणि बाहेरच्या माणसाला तो पटकन कळत नाही. एक कथा अशी की भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसली आणि करवीरात, म्हणजे कोल्हापुरात, येऊन राहिली. म्हणून तिरुपतीहून दर नवरात्रात देवीला शालू येतो, आणि बाहेरगावचे भाविक तिरुपतीनंतर इथे आल्याशिवाय यात्रा पुरी समजत नाहीत. दुसरी बाजू म्हणते, ही आदिशक्ती अंबाबाई आहे, कोणाची पत्नी नाही. गाभाऱ्याच्या बरोबर वर, वरच्या मजल्यावर मातृलिंग आहे, शिवाचं. आणि हत्यारं बघा.

आत्याचा आधार आहे सप्तशती या देवीच्या पोथीच्या शेवटी जोडलेलं प्राधानिक रहस्य. त्यात राजा सुरथ ऋषीला विचारतो की देवीच्या या सगळ्या अवतारांचं मूळ रूप कोणतं. उत्तरात ऋषी जे वर्णन करतो ते थेट या मूर्तीचंच आहे: “मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती। नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि॥” ही महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची, तीन गुणांची. तिच्यातून महाकाली आणि महासरस्वती होतात. (मंदिरात मधल्या गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना त्या दोघी आहेतच.) मग तिघी प्रत्येकी एक जोडपं निर्माण करतात. महालक्ष्मीपासून ब्रह्मा आणि लक्ष्मी, महाकालीपासून रुद्र आणि सरस्वती, महासरस्वतीपासून विष्णू आणि गौरी. त्यानंतर महालक्ष्मीच त्यांची लग्नं लावते: सरस्वती ब्रह्म्याला, गौरी रुद्राला, लक्ष्मी विष्णूला.

“म्हणजे विष्णूची लक्ष्मी हिची मुलगी,” आत्या म्हणाली. “हिला तिरुपतीची रुसलेली बायको म्हणणं म्हणजे आईला मुलगी म्हणणं.”

मामा बाहेर कासव चौकाशी बसले होते. मला वाटलं ते यावर हसतील. पण त्यांनी हे सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हे मला मान्य आहे. मूर्तीची लक्षणं एका बाजूला, पोथीतलं वर्णन दुसऱ्या बाजूला, दोन्ही जुळतात. उद्या कोणी याहून जुनी पोथी आणली तर मत बदलेन. याला मी पुरावा म्हणतो.”

“मग झालं तर.”

“झालं नाही, ताई. ही मूर्ती कोणाची, हे सिद्ध झालं. जिची मूर्ती ती आहे की नाही, हा निराळा प्रश्न.”

माझ्या मते अख्ख्या प्रवासातलं सगळ्यात कामाचं वाक्य हे होतं. देवावरच्या भांडणांत हे दोन प्रश्न इतके एकमेकांत गुंतवले जातात, की पहिल्याचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपतो. शिल्पं मोजून देव सिद्ध झाल्याची भाषणं मी ऐकली आहेत, आणि मूर्तीची झीज दाखवून देव खोटा पडल्याचीही. या मूर्तीवर १९५५ साली वज्रलेप (झिजलेल्या दगडावरचा लेप) झाला, २०१५ साली रासायनिक संवर्धन झालं, आणि त्यानंतर मस्तकावरचा नाग नीट दिसतो की नाही यावरून गावात केवढं रान उठलं. तो वाद खरा होता, त्याला उत्तर होतं, फोटो काढून ते तपासता येत होतं. मूर्तीच्या बाबतीत कोल्हापूरकर पक्के पुरावावादी आहेत, हे मामांनाही मानावं लागलं.

महाद्वार रोडवर आत्याने मूळ मूर्तीचा फोटो घेतला. शेजारच्या दुकानात तिन्ही रहस्यांसकट सप्तशती ढिगाने रचून ठेवली होती. मामांनी एक प्रत उचलली. “रहस्य असं उघड्यावर?” आत्या म्हणाली, “पोहण्याचं पुस्तकही दुकानात मिळतं.” यावर मामांना उत्तर सुचलं नाही, पण त्यांनी पुस्तक विकत घेतलं.

साडेपाचच्या सुमारास मंदिरातले दिवे मालवले. बाहेर मोठ्या पडद्यावर थेट चित्र, आत माणसांची भिंत. मामांनी दुपारीच कागदावर आकडेमोड करून ठेवली होती. देऊळ पश्चिमाभिमुख आहे, पण नेमकं पश्चिमेला नाही. या दिवसांत सूर्य कोल्हापुरात पश्चिमेपासून सुमारे १७-१८ अंश दक्षिणेला मावळतो आणि रोज पाव अंशाहून जरा जास्त सरकतो. २१-२२ डिसेंबरच्या अयनदिनापासून ९ ते ११ नोव्हेंबर जितके मागे, ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी साधारण तितकेच पुढे. म्हणून वर्षातून दोनदा, जाताना आणि येताना, सूर्य त्याच जागी. “आणि गंमत बघा,” मामा म्हणाले, “आपल्या देवळातला उत्सव, पण तिथीने नाही, इंग्रजी तारखेने. सूर्याला तिथी समजत नाही.”

किरणं महाद्वारातून आली, गरुड मंडपावरून पुढे सरकली, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा. सूर्य जसा खाली उतरत होता तशी तिरीप आत शिरत आणि वर चढत होती. चरणांवर ती पोचली तेव्हा मागून कोणीतरी “अंबाबाईच्या नावानं” ओरडलं आणि सगळ्यांनी “चांगभलं” म्हटलं. मीही म्हटलं. मामांनी घड्याळ बघितलं.

आरतीनंतर गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो. समोर म्हैस, समोर धार, हातात फेसाळलेला पेला. इथे मामांनी प्रश्न टाकला. “ताई, एक करा. काय घडलं तर तुम्ही म्हणाल की माझी चूक झाली, हे सांगा. मी माझं सांगतो. हीच किरणं २५ डिसेंबरला, एकही भिंत न पाडता, आरसा न लावता देवीच्या मुखावर पडली, तर मी माझी सगळी पुस्तकं तुमच्याकडे आणून ठेवीन.”

आत्याने दूध संपवलं. “मला विचार करू द्या,” म्हणाली. हे तिचं नेहमीचं नव्हे. ती सहसा लगेच बोलते.

१० नोव्हेंबर

गाडी करून नरसोबाची वाडी आणि खिद्रापूर. वाडीत कृष्णा आणि पंचगंगा मिळतात त्या घाटावर औदुंबराखाली दत्ताच्या पादुका. मूर्ती नाही, पावलं. पावसाळ्यात पाणी चढलं की उत्तरेकडून येऊन पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्या दक्षिणद्वाराच्या स्नानाला माणसं पुरात येतात. नृसिंह सरस्वती इथे बारा वर्षं राहिले आणि गाणगापूरला जाताना पादुका ठेवून गेले. इथल्या त्या मनोहर पादुका, गाणगापूरच्या निर्गुण पादुका.

आत्याला वाडी आवडते. ती म्हणाली, “धूर दिसला की अग्नी कळतो. पाऊल दिसलं की चालणारा कळतो.”

मामांनी नेमकं तिच्याच शास्त्राने तिला पकडलं. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांचं, अनुमान स्वयंपाकघराच्या जोरावर उभं असतं. चुलीपाशी धूर आणि अग्नी आपण एकत्र पाहिलेत, म्हणून डोंगरावरच्या धुरावरून तिथला अग्नी सांगता येतो. “पावलं आणि देव कुठल्या स्वयंपाकघरात एकत्र दिसले?”

“कुंभार आणि मडकं दिसतात ना. उदयनाचार्यांनी हजार वर्षांपूर्वी हेच मांडलंय. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो.”

“कुंभाराला हात असतात, पोट असतं, आणि माती तो कुठून तरी आणतो. तुमच्या कर्त्याला यातलं काय आहे? हे माझं नाही, ताई, हे मीमांसकांचं आणि जैनांचं. आणि सांख्यांनी तर ईश्वर सिद्ध होत नाही असं सूत्रच करून ठेवलंय.”

गाडीचा चालक आरशातून बघत होता. त्याला वाटत असावं, ही माणसं बासुंदी न खाताच वाडीहून निघतात की काय. नाही निघालो. बासुंदी खाल्ली, कवठाची बर्फी बांधून घेतली.

मला एक कायम खटकतं. आपल्याकडे नास्तिकपण म्हणजे इंग्रजी शिक्षणातून आलेलं काहीतरी, अशी एक समजूत आहे. मामांना घरी कोणी वाद घालायला आलं की हेच ऐकवतं. पण त्या दिवशी गाडीत मामांनी बाहेरचा एकही माणूस मदतीला बोलावला नाही. चार्वाक, कपिल, कुमारिल यांच्यावरच भागलं. ज्या परंपरेत आत्याची रहस्यं आहेत त्याच परंपरेत त्यांची उलटतपासणीही आहे.

खिद्रापूरला कोपेश्वराचं देऊळ बघून मात्र वाद काही वेळ थांबला. बघायलाच इतकं होतं. शिलाहारांनी बाराव्या शतकात बांधलेलं, तळाशी हत्तींची रांग. आणि समोर तो स्वर्गमंडप, अठ्ठेचाळीस खांबांचा, मधोमध छत नाहीच, गोल आभाळ. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच व्यासाची गोल शिळा. एका शाळेची सहल आली होती आणि पोरं त्या शिळेवर पाठीवर झोपून वर बघत होती. गुरुजी ओरडत होते. मामा पावलांनी व्यास मोजत होते, आत्या खांबांवरचं कोरीव काम बघत फिरत होती. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र या गोलात येतो आणि लोक रात्र जागवतात. म्हणजे इथेही दगड आणि आभाळ यांचं गणित कोणीतरी जुळवून ठेवलंय. दाराशी यादव राजा सिंघणाचा देवनागरी शिलालेख आहे, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. मामांनी त्यावर हात ठेवून मला बजावलं, “याला म्हणतात कर्त्याचा पुरावा.” (सिंघण हा कर्ता नव्हे, दान देणारा, हे आत्याने लगेच दुरुस्त केलं.)

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, म्हणजे दक्षाच्या यज्ञात सतीने देह टाकल्यावर कोपलेला शिव. दुसरं धोपेश्वर, म्हणजे त्याची समजूत घालायला आलेला विष्णू. नंदी नाही. तो सतीबरोबर माहेरी गेला होता, तो पलीकडे यडूरला आहे, असं सांगतात. विष्णू लिंगरूपात, हेच मुळात दुर्मीळ.

“आता सांगा ताई,” मामा म्हणाले. “काल हत्यारं होती, सिंह होता. इथे दोन सारखे दगड आहेत. यातला एक विष्णू, हे कशावरून?”

“सांगितलंय म्हणून.”

“कोणी?”

“ज्यांनी ठेवला त्यांनी. शब्द हेही प्रमाणच आहे, भाऊ. तुम्ही न्यूट्रिनो पाहिलाय?”

परतीच्या रस्त्यावर, शिरोळच्या उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलेलो असताना, खरा मुद्दा निघाला. मामा म्हणाले, न्यूट्रिनो मी पाहिला नाही, पण ज्याला तपासायचाय त्याने गणित शिकावं, यंत्र बांधावं, त्याला दिसेल. दिसला नाही तर सिद्धांत खोटा पडेल. आत्या म्हणाली, माझंही तसंच आहे. बारा वर्षं जप करा, न्यास करा, कळेल.

“आणि बारा वर्षांनी नाही कळलं तर?”

आत्या गप्प.

“तर तुम्ही म्हणणार, याचा अधिकार नव्हता. म्हणजे यशस्वी झालो तर देवी आहे, अयशस्वी झालो तर मी नालायक. या खेळात देवी हरतच नाही.”

ट्रॉलीवाल्याने बाजू दिली. आत्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, “हो. ती फट आहे. आमच्या गुरूंनाही माहीत होती.” तिने सांगितलं की सुरुवातीच्या दिवसांत तिला डोळे मिटल्यावर निळा प्रकाश दिसायचा. ती आनंदाने गुरूंकडे गेली. ते म्हणाले, डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखव, त्यांनी काही नाही म्हटलं तरी विसरून जा. प्रकाश, आवाज, स्वप्नातलं दर्शन यांतलं काहीही वहीत लिहायचं नाही. लिहायचं ते एवढंच, की आज कोणावर किती चिडलीस.

“पण मग तो देवीचा पुरावा नाही,” मामा म्हणाले. “ते तुमच्या वागणुकीचं प्रगतिपुस्तक झालं.”

“असेल,” आत्या म्हणाली.

परतलो तर पश्चिमेला ढग. किरणं महाद्वारात आली आणि विरली. पडद्यावर अंधार, गर्दी हळहळत पांगली. एक बाई म्हणाली, देवीची इच्छा नव्हती. दुसरा म्हणाला, त्या अमुक इमारतीचा कठडा आडवा येतोय, पालिकेला किती वेळा सांगायचं. इथे दरवर्षी अडथळे शोधायची मोहीम असते. मोजमाप होतं, पाट्या, टाक्या, कठडे काढायला लावतात. मामा या माणसावर बेहद्द खूश झाले.

११ नोव्हेंबर

सकाळी रंकाळ्यावर फिरायला. तिथल्या नंदीची गोष्ट अशी की तो रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागे येतो. ज्या दिवशी तळ्याला पोचेल त्या दिवशी प्रलय. मामांना हे भाकीत विलक्षण आवडलं, कारण ते मोजता येतं. “पण तांदूळ कुठला? बासमती असेल तर दाणा गव्हाहून लांब. नंदी रोज उलटा जाईल आणि प्रलय कधीच नाही.” आत्या मनापासून हसली.

मग पंचगंगेचा घाट. कार्तिक महिना चालू होता, स्नानाला माणसं होती. १८९९ साली अशाच कार्तिक स्नानाच्या वेळी या नदीवर उघड झालं की शाहू महाराजांसाठी पुरोहित वेदोक्त नव्हे, पुराणोक्त मंत्र म्हणतात. कारण काय, तर वेदमंत्रांचा अधिकार नाही. राजाला! त्यातून वेदोक्त प्रकरण पेटलं, पुढे १९११ साली सत्यशोधक समाज कोल्हापुरात उभा राहिला, आणि १९२० साली महाराजांनी क्षात्रजगद्गुरूंचं वेगळं पीठच नेमलं. फुल्यांचा निर्मिक म्हणजे एक कर्ता, मध्ये दलाल नाही, ही कल्पना इथे रुजली ती तत्त्वज्ञानाच्या वर्गात नव्हे, नदीच्या पायऱ्यांवर.

मामांनी कालचाच धागा उचलला. “अधिकार म्हटलं की मला हा घाट आठवतो. ज्याच्या हातात किल्ली, तोच सांगणार की कोण आत येऊ शकतो. आणि आत काय आहे, तेही तोच सांगणार.”

मला वाटलं आत्या आता चिडेल. ती पायरीवर बसली. म्हणाली, “भाऊ, माझा भाऊ आठव्या वर्षी रुद्र, वेदातलं सूक्त, शिकला. मी दाराआड उभी राहून तो पाठ केला. एकदा चुकून मोठ्याने म्हटला तर आजोबांनी तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. मी शाक्त दीक्षेकडे गेले ती देवी दिसली म्हणून नाही. तिथे बाईला आणि कुठल्याही जातीला दीक्षा देता येते, म्हणून. तुम्ही म्हणता ती किल्ली मला ठाऊक आहे. मी दुसरं दार शोधलं.”

बाबांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. बाबाच तो भाऊ.

थोड्या वेळाने ती म्हणाली, “परवा तुम्ही विचारलंत ना, काय घडलं तर चूक मान्य कराल. सांगते. वर्षभर नेमाने जप करून माझ्या वहीत राग तेवढाच राहिला, तर मी जप सोडेन. आमच्या घरात कोणाला तरी पुन्हा दाराआड उभं राहावं लागलं आणि त्याला माझी विद्या कारण झाली, तर विद्या सोडेन. देवी आहे की नाही, ते मला त्यानंतरही कळणार नाही. त्याबद्दल माझ्याकडे अट नाही. तुम्हाला ते अपुरं वाटेल.”

“वाटतंच,” मामा म्हणाले. “पण निदान तुम्ही उत्तर दिलंत. मला आजवर कोणी दिलं नव्हतं.”

माझं मत विचाराल तर मी इथे मामांच्या बाजूची आहे. जे विधान कुठल्याही परिस्थितीत खोटं पडू शकत नाही, ते पुराव्याच्या पंगतीला बसवू नये. पण आत्याने ते बसवलं नाही, हेही मी पाहिलं. खोटेपणा करतात ते वेगळेच लोक. ते अनुभव अंतरीचा म्हणतात आणि त्याच तोंडाने नासाचा दाखला देतात. इथेच बिंदू चौकापासून फार लांब नाही अशा वस्तीत, १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी फिरून घरी परतणाऱ्या विवेकवादी नेते गोविंद पानसऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी ते गेले. त्या दिवसापासून या गावात देवाधर्मावर मोठ्याने बोलताना मामाही एकदा मागे वळून बघतात. घाटावरही बघितलं. माणसं उन्हात कपडे पिळत होती, कोणाला आमच्याशी घेणंदेणं नव्हतं.

दुपारी तांबडा-पांढरा. आत्यासाठी वांगं-भाकरी आणि खर्डा.

संध्याकाळी हवा स्वच्छ. आज किरणं कुठपर्यंत चढतील यावर रांगेत पैजा लागल्या होत्या. आत्या आत, बायकांच्या रांगेत. मामा आणि मी बाहेर पडद्यापाशी. तिरीप चरणांवरून गुडघ्यांपर्यंत, मग कंबरेपर्यंत आली. शेजारचा पोरगा “आजून वर, आजून वर” असं पुटपुटत होता. खांद्याच्या जरा खाली असताना उजेड फिका झाला. गर्दीतला एक जण म्हणाला, मुखापर्यंत गेली. दुसरा म्हणाला, गळ्यापर्यंतच. मामा म्हणाले, खांद्याच्या खाली. तिघांनी एकच पडदा पाहिला होता. आत्या बाहेर आली तेव्हा मामांनी तिलाही विचारलं. ती म्हणाली, “माझ्यापुढे एक उंच बाई होती. मला काहीच दिसलं नाही.”

१२ नोव्हेंबर

परतीची गाडी रात्री, म्हणून सकाळी जोतिबाला. वीसेक किलोमीटर, वाडी रत्नागिरीचा डोंगर. पायऱ्यांपासूनच सगळं गुलालाने लाल, चपला, कुत्री, फरशा, माणसं. चैत्री यात्रेला सासनकाठ्या नाचतात तेव्हा काय होत असेल कोण जाणे.

हा देव कोण, हेही सरळ नाही. पोथी म्हणते, ब्रह्मा, विष्णू, महेश आणि जमदग्नी यांचं एकत्र रूप. लोक केदारनाथ म्हणतात. दुकानात विकायला ठेवलेल्या फोटोत खड्ग, त्रिशूळ, डमरू आणि पानपात्र आहे. मामांनी कोल्हापुरात घेतलेली सप्तशती पिशवीतून काढली नाही, पण फोटोकडे बघत म्हणाले, “हा भैरव दिसतो.” आणि गाभाऱ्यासमोर जाऊन थेट गुरवाला विचारलं, “डमरू कुठल्या हातात?”

गुरव म्हणाला, “आता पोशाख हाय की. हात दिसत न्हाईत.”

“मग दिसतात कधी?”

“पहाटं. अभिषेकाला या उद्या. सगळं मोकळं असतंय तवा. बघा की डोळं भरून.”

मामांनी बाहेर येऊन, उन्हात उभं राहून, मोबाइलवर आमची तिन्ही तिकिटं रद्द केली आणि दुसऱ्या दिवशीची काढली. आत्या म्हणाली, पहाटे मला उठवू नका, मला माझा जप आहे.